कानाचे हलके साहेब आणि बडोद्यातली पहिली नोकरी: टिकायचं कसं, निघायचं कसं

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून डिप्लोमा किंवा बी.एस्सी. करून दरवर्षी मुलंमुली बडोद्याला येतात. काही इथलीच असतात, दांडिया बाजार नाहीतर रावपुऱ्यात चार पिढ्या काढलेल्या घरांतली. मकरपुरा, गोरवा, नंदेसरी, वाघोडिया, सावली, हालोल, यांपैकी कुठेतरी पहिली नोकरी लागते. टायट्रेशन कसं करायचं, ड्रॉइंग कसं वाचायचं हे कॉलेजात शिकवलेलं असतं. वरचा माणूस रोज चारचौघांत पाणउतारा करत असेल, दोन साहेबांच्या भांडणात आपण भरडले जात असू, तर काय करायचं हे मात्र कुणी शिकवत नाही. मी या भागातल्या औषध कारखान्यांच्या क्वालिटी विभागांत बरीच वर्षं काम केलं आहे. हाताखाली आलेल्या मुलांना जे सांगत आले, तेच इथे सविस्तर लिहिते.

माझं मुख्य सांगणं असं की वाईट कंपनीचा सगळा कारभार तोंडी चालतो. हुकूम तोंडी, बढतीचं आश्वासन तोंडी, धमकीही तोंडी. तुम्ही पहिल्या दिवसापासून लेखी चालायचं. साहेबाला सुधारणं तुमच्या हातात नाही आणि राजकारणात त्याला हरवायला जाऊ नका, त्यात त्याचा हात तुमच्यापेक्षा बसलेला असतो. तुमच्या हातात तुमची सही, तुमच्या नोंदी आणि तुमची निघण्याची वेळ एवढंच आहे. पण तेवढं खरोखर हातात ठेवलं, तर पुष्कळ निभावतं.

रुजू होण्याआधी

मुलाखतीला जाल त्या दिवशी अर्धा तास लवकर पोहोचा आणि गेटसमोरच्या चहाच्या लारीवर उभे राहा. पहिली पाळी सुटण्याची वेळ असेल तर फारच उत्तम. सुटून आलेली माणसं हसत-बोलत येताहेत की मान खाली घालून बसकडे पळताहेत, हे दिसतं. सहज विचारा, "अहीं केटला वरस थया?" (इथे किती वर्षं झाली?) दहापैकी आठ जणांना वर्षही झालेलं नसेल तर तिथे माणसं टिकत नाहीत एवढं समजा. मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारा: या जागेवर आधी कोण होतं आणि ते कुठे गेले? सरळ उत्तर मिळालं तर बरं. "वो सब छोड़ो" असं आलं तर कान टवकारा.

नेमणूकपत्र हातात आल्याशिवाय जुनी नोकरी सोडू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांनुसार प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. त्यात मूळ पगार किती, नोटीस किती दिवसांची आणि ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का, एवढं आधी पाहा. 'कंपनीने काढल्यास ७ दिवस, तुम्ही सोडल्यास ९० दिवस' अशी अट दिसली तर सहीआधीच बोला.

काही ठिकाणी मूळ मार्कशीट आणि सर्टिफिकेट जमा करायला सांगतात. देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ परत घेऊन या. कोरा सही केलेला चेक तर अजिबातच नाही. तो एकदा त्यांच्या कपाटात गेला की तुमच्या प्रत्येक रजेच्या अर्जावर त्याची सावली पडते. बॉण्डचं थोडं वेगळं आहे. बॉण्ड म्हणजे नुसता कागद, कोर्टात टिकत नाही, असं लारीवर सगळे सांगतात, त्यावर विसंबू नका. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात, ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडणाऱ्याकडून २ लाख रुपये घेण्याची अट वैध ठरवली. रक्कम वाजवी हवी, हे करार कायद्यातलं तत्त्व कायम आहे. तेव्हा आपल्यावर नेमका किती खर्च होणार आहे ते विचारून घ्या. नोकरी सोडल्यावर दुसऱ्या कंपनीत कामच करायचं नाही, ही अट मात्र १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ खाली सहसा टिकत नाही.

पहिला महिना: पाहा, ऐका, कमी बोला

बडोद्यातल्या पुष्कळ कंपन्या घरच्या मालकीच्या आहेत. भिंतीवर लावलेल्या तक्त्यात मॅनेजर, एजीएम, डायरेक्टर असे चौकोन असतात. खरा कारभार कधी मोठ्या शेठच्या पुतण्याकडून चालतो, कधी जुन्या अकाउंटंटकाकांकडून, तर कधी पर्चेसमधल्या बेनकडून, ज्यांच्या सहीशिवाय साधा ग्लासवेअरचा डबा येत नाही. महिन्याभरात हा खरा तक्ता तुमच्या डोक्यात तयार व्हायला हवा. तो कुणाला दाखवायचा नसतो.

याच काळात कडक साहेब आणि विषारी साहेब यांतला फरक ओळखा. नव्या मुलांची इथे फार गल्लत होते. कडक साहेब चूक दाखवतो, ओरडतोही, पण चूक काय ते सांगतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. त्याच्या हाताखाली दोन वर्षं काढलीत तर आयुष्यभर पुरेल एवढं शिकाल. त्याला सोडून पळू नका. विषारी माणसाचं लक्ष चुकीकडे नसतंच, ते माणसाकडे असतं. सकाळी एक सांगतो, संध्याकाळी 'मी असं म्हटलंच नव्हतं'. काम झालं की त्याचं, बिघडलं की तुमचं. एकाला केबिनमध्ये बोलावून दुसऱ्याबद्दल विचारतो आणि दुसऱ्याला बोलावून पहिल्याबद्दल. रजा मागितली की आईच्या आजारपणाचा पुरावा मागतो. असं एखाद्या वेळी कुणाकडूनही होतं. तेच तेच, तुमच्यासह इतरांशीही, आठवड्यामागून आठवडे चाललं तर ओळखायचं.

कंपनीच्या बसमध्ये सांभाळून बोला. अमितनगर सर्कलला चढलेल्या माणसाने मागच्या सीटवर ऐकलेलं वाक्य, बस गेटात शिरेपर्यंत साहेबांच्या माणसाच्या कानी गेलेलं असतं. तुमच्यासमोर दुसऱ्याची निंदा चालली असेल तर 'हं' सुद्धा म्हणू नका, कारण पुढे तुमच्या नावावर तोच 'हं' पूर्ण वाक्य होऊन फिरतो.

आपल्या लोकांबद्दलही एक सांगते, जरा कटू आहे. परगावाहून आलेल्या मुलांना मराठी बोलणारा सीनियर भेटला की माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. डबा एकत्र खा, गणपतीत त्यांच्या घरी जा, जरूर जा. पण कामाच्या जागी 'मराठी ग्रुप' म्हणून ओळख होऊ देऊ नका. त्या सीनियरचं वरच्यांशी वैर असेल तर ते विनाकारण तुमच्या वाट्याला येतं. गुजराती महिनाभरात शिका, निदान समजण्यापुरती तरी. मिटिंग हिंदीत सुरू होते आणि नेमकी महत्त्वाची गोष्ट आली की गुजरातीत शिरते. शिवाय या गावाची रीतच एकत्र कामाची आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, तिथे रसायनशास्त्राचे गज्जर सर होते, आणि १९०७ मध्ये अलेंबिक ही औषध कंपनी उभी राहिली तेव्हा गज्जर, कोटिभास्कर, अमीन अशी नावं एकत्र होती. आडनावावरून गट पाडणारे साहेब या गावाची पुण्याई घालवत आहेत, असं मला मनापासून वाटतं.

तोंडी हुकूम लेखी कसा करायचा

हे सगळ्यांत महत्त्वाचं, म्हणून सावकाश वाचा.

साहेबांनी जाता जाता पॅसेजमध्ये सांगितलं, "ते स्टॅबिलिटीचे नमुने राहू दे, आधी डिस्पॅचची बॅच घे." तुम्ही घेतली. आठवड्याने स्टॅबिलिटीची, म्हणजे औषध किती काळ टिकतं ते तपासायची, तारीख चुकल्याचं निघालं आणि मिटिंगमध्ये तेच साहेब विचारतात, "कुणाला विचारून मागे ठेवलेस?" आता तुम्ही काहीही म्हणा, तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द.

यावर उपाय म्हणजे जागेवर पोहोचल्यावर लगेच दोन ओळींचा मेल. "सर, आपण आत्ता सांगितल्याप्रमाणे डिस्पॅचची बॅच आज घेते. स्टॅबिलिटीचे नमुने त्यामुळे उद्या होतील, मुदत आजची आहे. काही बदल असल्यास कळवावे." बस. भाषा अशी ठेवा की साहेबांना मदत होते आहे असं दिसावं. त्यात 'मुदत आजची आहे' ही तीन शब्दांची जागा सगळ्यांत मोलाची, कारण परिणाम ठाऊक असताना त्यांनी निर्णय घेतला हे तिथे नोंदलं जातं. 'तुम्ही तोंडी सांगितलंत म्हणून लेखी देत आहे' असं चुकूनही लिहू नका, ती उघड लढाई होते. पहिल्याच मेलला सगळ्या जगाला सीसी लावू नका. आणि प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला मेल पाठवत सुटलात तर कुणी वाचणार नाही. तारीख, पैसा, सुरक्षितता किंवा एखाद्याची चूक ठरू शकेल अशी गोष्ट, एवढ्यालाच पाठवा. तुम्ही पहिल्या आठवड्यापासून असे मेल पाठवत असाल तर ती तुमची सवय मानली जाते. भांडण झाल्यावर सुरू केलेत तर तो संशय.

व्हॉट्सअॅपवर हुकूम आला तर तिथेच पूर्ण वाक्यात उत्तर द्या. नुसता अंगठा नको. साहेबांनी त्यांचा मेसेज पुसला तरी तुमचं "४ वाजेपर्यंत डिस्पॅचची बॅच पूर्ण करून कळवते" तिथे राहतं.

दुसरी नोंद तुमच्या स्वतःच्या वहीत, घरी. शिवलेली वही घ्या, सुट्या पानांची नको. तारीख, वेळ, जागा, कोण कोण हजर होतं, नेमके शब्द काय होते, तुम्ही काय म्हणालात. 'साहेब फार वाईट वागले' या वाक्याचा पुढे काही उपयोग होत नाही. 'दुपारी ३ वाजता क्यूसी लॅबमध्ये, दोन ट्रेनींसमोर, "तुला पगार फुकटचा देतो का" असं म्हणाले', याचा होतो. लिहिताना चुकलं तर आम्ही बॅच रेकॉर्डमध्ये करतो तसंच करा: एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, बाजूला सही आणि तारीख. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही.

एक धोक्याची सूचना. पुरावा जमवायच्या नादात कंपनीचे फॉर्म्युले, बॅचचे कागद, ग्राहकांच्या याद्या स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका आणि लॅबमध्ये मोबाइलने फोटो काढू नका. मग चोरी तुमचीच ठरते आणि साहेबांना हवं ते निमित्त मिळतं. स्वतःचं नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिप, बढतीचं पत्र, हजेरी, यांच्या प्रती मात्र दर महिन्याला घरी असायला हव्यात.

सही: इथे नमतं घ्यायचं नाही

बाकी सगळीकडे मी म्हणेन सोसा, वाट पाहा, गप्प राहा. सहीच्या बाबतीत नाही.

उद्या ऑडिट आहे. संध्याकाळी सात वाजता सुपरवायझर वजनकाट्याचं रजिस्टर पुढे सरकवतात. मागच्या आठवड्यातल्या दोन दिवसांची रोजची तपासणी राहिली आहे. "टाक ना तारीख, थई जशे (होऊन जाईल), काटा तर बरोबरच आहे." काटा बरोबर असेलही. पण त्या दोन दिवसांची प्रिंट कुठून आणणार? तुम्ही त्या दिवशी रजेवर असाल तर गेटच्या हजेरीचं काय? एचपीएलसी या तपासणीच्या यंत्राच्या संगणकात कोण कधी लॉगिन झालं ते सेकंदासकट पडून असतं. ऑडिटर या तीन गोष्टी एकमेकांशेजारी ठेवतो आणि खोटं दहा मिनिटांत उघडं पडतं. मग कंपनी उत्तरात लिहिते की संबंधित अॅनालिस्टवर कारवाई केली. संबंधित अॅनालिस्ट म्हणजे तुम्ही. "थई जशे" म्हणणाऱ्याचं नाव त्या कागदावर कुठेच नसतं. आणि गोळी जो माणूस घेणार असतो, त्याच्याशी केलेला हा दगा आहे, हे तर सगळ्याच्या वर.

नाही म्हणायचं ते असं: "सर, राहिलेली नोंद राहिली म्हणून आजच्या तारखेने लिहिते आणि डेव्हिएशन काढूया. रिव्ह्यूची सही तुम्ही करा." आवाज न चढवता. डेव्हिएशन म्हणजे ठरलेल्या पद्धतीपासून काय चुकलं याची रीतसर नोंद. तुम्ही कामाला नकार देत नाही, योग्य काम सुचवता आहात, हे यात दिसतं. तरीही दबाव आला तर क्यूएला, म्हणजे गुणवत्ता हमी विभागाला सांगा, आणि त्या रात्री वहीत लिहा. याचा त्रास होईल, ते लपवत नाही. काही दिवस नाइट शिफ्ट लागेल, बोलणं बंद होईल. पण एकदा ही मुलगी तारीख मागे टाकत नाही अशी ख्याती झाली की दुसऱ्यांदा सहसा कुणी विचारायला येत नाही.

नंदेसरीसारख्या ठिकाणी रसायनांच्या कारखान्यात असाल तर हीच गोष्ट वर्क परमिटची, म्हणजे धोक्याच्या कामाआधी घ्यायच्या लेखी परवानगीची. टाकीत उतरायचं आहे, आतल्या हवेची तपासणी झालेली नाही आणि कुणी म्हणतं, "परमिट नंतर करून घेऊ". उतरू नका, दुसऱ्याला उतरू देऊ नका. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात, जिवाला धोका दिसला तर तो वरच्यांच्या आणि सरकारी निरीक्षकाच्या कानावर घालण्याचा हक्क कामगाराला मिळाला. २०२० च्या सुरक्षा संहितेतही तो आहे. नोकऱ्या दुसऱ्या मिळतात.

तक्रार करावी का, कुणाकडे

एचआर तुमची मैत्रीण नाही, पण शत्रूही नाही. ती कंपनीची आहे. म्हणून तिच्याकडे गाऱ्हाणं घेऊन जाऊ नका, कंपनीचं नुकसान काय होतंय ते घेऊन जा: सहा महिन्यांत तीन माणसं गेली, बॅचेस अडकल्या. सोबत तारखा. शक्यतो दोघातिघांनी मिळून लेखी. मालकाच्या पुतण्याविरुद्ध मालकाकडे तक्रार करायची असेल तर आधी दुसरी नोकरी पाहून ठेवा.

लैंगिक छळाची गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे, तिथे सोसा असं मी कधीही म्हणणार नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा. घटनेपासून ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची. योग्य कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. समितीने ९० दिवसांत चौकशी संपवायची. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. समितीच्या सदस्यांची नावं नोटीस बोर्डावर असायला हवीत. रुजू झालात त्याच आठवड्यात ती वाचून ठेवा.

पगार अडवणं, मनमानी कपात, विनाकारण काढून टाकणं यांसाठी कामगार खातं आहे. देखरेखीचं काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा औद्योगिक संबंध संहितेतल्या 'कामगारा'त मोडत नाही. पण कार्डावर 'एक्झिक्युटिव्ह' छापलं म्हणून तुम्ही लगेच बाहेर पडत नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते पाहिलं जातं. त्यासाठी रोजच्या कामाची नोंद उपयोगी पडते.

प्रॉव्हिडंट फंडाचं पासबुक दर तिमाहीला उघडून पाहा. स्लिपमध्ये १२ टक्के कापलेले दिसतात आणि पासबुकात जमाच नाहीत, असं घडतं. ईपीएफओच्या पोर्टलवर तक्रार करता येते, कार्यालयही इथेच अकोट्यात आहे.

घर आणि तब्येत

रविवारी दुपारपासून पोटात गोळा येतो, झोपेत साहेबांचा आवाज येतो, जेवण जात नाही. ही लक्षणं गंभीर आहेत. घरी सांगा. आपल्याकडे आईबाबा म्हणतात, "नोकरीत हे चालायचंच, सरकारी नाही म्हणून काय सोडायची?" त्यांना नुसतं 'त्रास आहे' म्हणू नका, वहीतली दोन पानं वाचून दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि फुकट आहे. सयाजी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कार्ड असणार. ठरावीक वर्गणी भरलेली असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या आजारपणाच्या रजेत ७० टक्के वेतन मिळतं, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत.

आणि पहिल्या पगारापासून थोडे पैसे वेगळे टाका. चारसहा महिन्यांचं भाडं आणि खानावळ निघेल एवढे खात्यात असले की साहेबांसमोर उभं राहताना पाय लटपटत नाहीत. हप्त्यावर मोटारसायकल घेतलेला मुलगा सगळ्यांत जास्त अपमान गिळतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

निघताना

दुसरं नेमणूकपत्र हातात आल्यावरच राजीनामा, आणि तो मेलवर. कारण 'वैयक्तिक' एवढंच लिहा. शेवटच्या मुलाखतीत मन मोकळं करायचा मोह आवरा. गुजरातमधल्या औषध कंपन्यांचे लोक एकमेकांना ओळखतात. भांडणात "आत्ताच्या आत्ता लिहून दे" असं म्हटलं तर देऊ नका, "उद्या विचार करून देतो" म्हणा. राजीनामा दिलात तर तो तुमचा ठरतो, काढलं तर कंपनीला कारण द्यावं लागतं.

नोटीसचे दिवस पूर्ण भरा आणि हाती असलेलं काम एका कागदावर उतरवून सोपवा, घेणाऱ्याची सही घ्या. लॅपटॉप, ओळखपत्र, कपाटाची किल्ली, बस पास, प्रत्येक वस्तूची पोच घ्या. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा असो की काढून टाकणं, देणं असलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवं. ग्रॅच्युइटीला कायम नोकरीत सलग ५ वर्षं लागतात, ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर आता १ वर्ष पुरतं. हिशेब दर वर्षामागे १५ दिवसांचा, महिन्याचे २६ दिवस धरून. तेव्हा पाच वर्षं भरायला दोन महिने उरले असतील तर दात-ओठ खाऊन ते काढा.

अनुभवपत्र आणि रिलीव्हिंग लेटर शेवटच्या दिवशीच मागा, नंतर फोन उचलले जात नाहीत. फंडाच्या पोर्टलवर तुमची नोकरी सुटल्याची तारीख कंपनीने टाकली का तेही पाहा. रागावलेल्या कंपन्या ती मुद्दाम टाकत नाहीत आणि मग जुन्या खात्याचे पैसे अडकतात. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की ही तारीख आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून तुम्ही स्वतः टाकू शकता, त्यासाठी कुणाच्याही केबिनबाहेर बसावं लागत नाही.